मोरीमागची झोंबरी

घरापुढच्या छोट्या दुकानात काकूंच्या हातचं ऑम्लेट खाऊन नाक पुसलं नाही असा माणूस त्या गल्लीत शोधूनही सापडला नसता. मिरचीचं तर नाव नाही. काकू त्यात एक रानपाला चिरून घालायच्या. बारीक गोल पानं, दिसायला अगदी गरीब, पण दाताखाली आली की मिऱ्यासारखी थेट नाकात चढायची. काकू त्याला झोंबरी म्हणायच्या. खरं नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"कुठून आणता हो?" समोरच्या गॅरेजमधला मेकॅनिक विचारायचा. "तुझ्या लग्नात सांगीन." त्याचं लग्न झालं, दोन पोरं झाली, काकूंनी काही ताकास तूर लागू दिली नाही.

आता तुम्हाला म्हणून सांगते. झोंबरी उगवायची काकूंच्याच मोरीमागे, गळक्या पाइपाखाली. नवरा अख्ख्या गावाचा प्लंबर आणि घरचा पाइप बारा महिने गळतोय! काकू चारचौघांत त्यांना टोमणे मारायच्या आणि मनात म्हणायच्या, असाच आळशी राहा रे बाबा. झोंबरीचं त्यांनी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

मग काकांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजव्या हातात चमचा टिकेना. काका बोलेनासेच झाले. महिनोन्महिने दुकानाच्या दारात खुर्चीवर बसून रबरी चेंडू दाबत राहिले. आणि एक दिवस काकू बाहेर गेल्या असताना पाना उचलून त्यांनी मागचा पाइप दुरुस्त केला! काकू परतल्या तेव्हा घामाघूम होऊन म्हणाले, "अगं, बघ, एक थेंब नाही!"

काकूंना आधी झोंबरी आठवली. पण तो चेहरा बघून बोलायची काय बिशाद! "अगंबाई, छानच की," म्हणाल्या आणि आत जाऊन भांड्यांवर राग काढला.

सततच्या पाण्यावर पोसलेली झोंबरी बादलीच्या पाण्याला काय भीक घालते? तिने माना टाकल्या. गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली, "काकू, अंडं आज रुसलंय वाटतं?"

"बाजारात पालाच मिळत नाही रे," काकू ठोकून द्यायच्या. काका ऐकत होते. बायको बादल्या घेऊन मागे कोणाकडे जाते, हे त्यांनी एकदा उठून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मागे टपटप सुरू झाली. "साफ फसलं बघ माझं काम," काका मान खाली घालून म्हणाले. काकूंनी वाकून पाहिलं. सांध्यावर नवा दोरा नीट गुंडाळलेला, आणि थेंब पडतोय तो बरोबर मुळांवर. आपोआप गळणारा पाइप इतका शहाण्यासारखा गळत नाही, एवढं प्लंबरच्या बायकोला कळतं. त्यांना रडूच आलं. पदराने डोळे पुसून त्या बादली जागेवर ठेवून आल्या.

पाला पुन्हा फुटला. एकदा मेकॅनिक काकूंची गॅसची टाकी ठेवायला मागे गेला आणि तिथूनच ओरडला, "काका, परत गळतंय हो! जाऊ द्या, आता तुमच्याच्याने व्हायचं नाही. मी बघतो."

काका कसनुसं हसले. काकूंचं डोकंच फिरलं.

"हात लावशील तर याद राख! गळत नाही ते, ठेवलंय तसं! माझी झोंबरी तिथंच येते, कळलं? तिला हवं तेवढंच पाणी सोडलंय यांनी, त्याच हाताने. तुझ्या बापाला तरी जमेल का?"

इतकी वर्षं लपवलेली जागा काकूंनी भर दुकानात सांगून टाकली होती. टाकली तर टाकली!

काका खुर्चीवरून उठले. "अगं, किती ओरडशील?" म्हणाले आणि मेकॅनिककडे वळले. "तुमच्या गॅरेजमधला नळ अजून गळतोच ना? चल, दाखव. हत्यारांची पिशवी तू घे. पाना माझ्याकडे दे."