भीतीचा पाहुणचार

माझ्या भीतीचे आमच्या घरी जेवढे लाड झाले, तेवढे जावयाचेही झाले नसतील.

झालं असं, की नांदेडहून विष्णुपुरीला जाताना मागून एका ट्रकनं कान फाटेल असा हॉर्न दिला आणि मी स्कूटीसकट खडीच्या ढिगात जाऊन बसले. कोपर खरचटलं, बाकी सगळी शाबूत. पण त्यानंतर गाडीची नुसती किल्ली फिरवली, तरी गुडघ्यांत हलगी वाजायला लागे. फाटकाबाहेर गेले, की लगेच माघारी.

आणि माघारी आल्यावर काय थाट! सासूबाई धावत येत. "लई भेलीस का गं माय?" म्हणत पायरीवर बसवत. मीठ, मोहऱ्या, मिरच्या ओवाळून दृष्ट काढत, कपाळाला विभूती लावत आणि वर ताटलीभर गरम सुशीला: फोडणीचे चुरमुरे, कांदा, हिरवी मिरची, शेंगदाणे सढळ हातानं. शेजारणी जमत. मी पडल्याची गोष्ट सांगे आणि दर खेपेला ट्रक थोडा मोठा होई.

पण नवऱ्याची बदली लातूरला झाली होती. तोवर मला शाळेत तेच सोडायचे. मी शिकवते ती शाळा विष्णुपुरीच्याही पलीकडं आणि तिकडची टमटम माणसं कोंबल्याशिवाय हलत नाही. रोज प्रार्थना चुकायची. शेवटी मोठ्या बाईंनी शांतपणे सांगितलं, "मॅडम, जूनपासून वेळेत जमणार नसेल, तर मला दुसरी बाई बघावी लागेल." पहिलीचा वर्ग सुटणार, या विचारानं मला जेवण जाईना. सुशीला मात्र जायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत लातूरहून धाकटी जाऊ आली. ती कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. एका दुपारी तिनं माझं जाणं, वळणं आणि ओवाळून घेणं पायरीवर बसून बघितलं, माझ्या ताटलीतले शेंगदाणे वेचून खाल्ले आणि म्हणाली, "अक्का, बक्षीस दिल्यावर भीती कशाला जाईल?"

"कसलं बक्षीस?"

"हेच की. मनात काय चाललंय ते राहू द्या, वागणं बघा. माघारी वळलात की जिवाला बरं वाटतं. वर ओवाळणं, वर खाणं. ज्या वागण्यामागून सुख येतं, ते वागणं पक्कं होतं. आपण सगळे मिळून तुम्हाला माघारी वळायला शिकवून राहिलो."

सासूबाईंचा मिरच्यांचा हात हवेतच थांबला. "म्हंजे? मी माझ्या सुनेला भित्री केली म्हणतीस?" त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, स्कूटी राहिली बाजूला, आता या दोघींचाच अपघात होतोय.

जाऊ त्यांच्याजवळ सरकली. "आत्याबाई, एक सांगा. दृष्ट कुणाला लागते? हरलेल्याला का जिंकलेल्याला?"

त्यांनी मिरच्या खाली ठेवल्या. "जिंकलेल्यालाच की. हरलेल्याकडं कोण बघतंय?"

"मग अक्का ठरवलंय तिथवर जाऊन आल्या, तरच काढायची. मधूनच पळून आल्या, तर न्हाई."

हे त्यांना एकदम पटलं.

सुरुवातीला गाडी नुसती स्टँडवर. मी तिच्यावर बसून अंबाडीची भाजी निवडायची. शेजारची काकू विचारी, "कुठं निघाल्या मॅडम?"

"लातूरला!"

मग इंजिन चालू करून बसायचं. मग गल्लीच्या तोंडापर्यंत, मग चौकापर्यंत. जावेचा नियम एकच: भीती चढली तरी उतरायचं नाही, वळायचं नाही. ती ओसरेपर्यंत तिथंच थांबायचं आणि मग पुढं. एकदा मी अर्ध्यातूनच परत आले, तर सासूबाई उठल्यासुद्धा नाहीत. फोडणीचा वास घरभर, पण मला कुणी पाणीही विचारलं नाही. थोड्या वेळानं बघते तर स्वयंपाकघरात पदरानं डोळे पुसत होत्या. आमच्यात जास्त अवघड काम त्यांचंच होतं.

शाळा उघडली त्या दिवशी निघाले. विष्णुपुरीच्या धरणाच्या अलीकडं मागून तसाच हॉर्न! गुडघ्यांत हलगी. गाडी कडेला घेऊन बंद केली, पाय जमिनीला टेकवले, पण उतरले नाही. दुधाचे कॅन लावलेला एक मोटारसायकलवाला थांबला.

"काय झालं बाई? पेट्रोल संपलं का?"

"न्हाई हो. भीती संपायची वाट बघून राहिले."

त्यानं डोकं खाजवलं. "लई वेळ लागंल का?"

"बघू."

तो बिचारा पुढं जाईना. ट्रक गेले, एसटी गेली. हळूहळू तळहाताचा घाम वाळला आणि मला शेतातली टिटवी ऐकू यायला लागली. मी किल्ली फिरवली.

"संपली?"

"थोडी हाय अजून. पण तेवढी घेऊन जाता येईल."

पोचले तेव्हा प्रार्थनेची घंटा व्हायची होती, पोरं अजून मैदानावर पळत होती. मोठ्या बाईंनी घड्याळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "बऱ्या आलात. त्या पहिलीच्या रांगेला जरा सरळ उभं करा बघू."