जिथे वरातीचा बँड बंद व्हायचा

तय्यबाबाईंना गप्प बसवणं आमच्या रस्त्यावर कुणाच्या बापाला जमलं नाही. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त झाल्या, आणि शिकवायला पोरं उरली नाहीत म्हणून आम्हा शेजाऱ्यांच्या मागे लागल्या. "विनिता, ज्या रस्त्यावर राहतो त्याचा इतिहास आपल्याला ठाऊक नाही, लाज वाटायला हवी," असं त्यांनी मला भाजी निवडता निवडता सुनावलं. मला काही लाज वाटली नाही. पण दर रविवारी त्यांच्या ओट्यावर चहा मिळायचा, म्हणून मी जायचे.

रस्ता भिवंडीतल्या इतर रस्त्यांसारखाच. एका बाजूला मुनीरभाईंच्या घरासारखी जुनी कोकणी मुसलमानांची घरं, दुसऱ्या बाजूला सावळारामदादांचं आगरी खटलं, मधे कापडाच्या लूमवर काम करणाऱ्यांच्या भाड्याच्या खोल्या. ओट्यावर सगळे जमायचे आणि इतिहास कमी, एकमेकांची उणीदुणीच जास्त निघायची. तरी बाईंनी पिच्छा सोडला नाही.

त्यांना एक गोष्ट डाचत होती. मुनीरभाईंच्या घरापुढे वरात आली की बँड बंद व्हायचा. वरात हिंदूंची असो की मुसलमानांची, माणसं नाचायची थांबून कडेकडेने पुढे जायची आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा वाजायला लागायचं. तिथे कुणी गाडीही उभी करत नसे. बाईंनी कारण विचारलं, तर सावळारामदादा म्हणाले, "तिथं यांचा पीर हाय ना!"

"पीर?" मुनीरभाई चमकले. "नाही आपा, तिथे तर यांची देवी आहे."

दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिले. उभा जन्म दोघंही दुसऱ्याच्या देवाचा मान राखत आले होते. आम्ही पोट धरधरून हसलो.

बाईंनी दर्ग्यात विचारलं, गावदेवीच्या पुजाऱ्याला विचारलं. कुणालाच काही माहीत नव्हतं. मग त्यांनी रस्त्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ऐटीत लिहिलं, की इथे पीर नाही, देवी नाही, ही नुसती समजूत आहे. दुसऱ्याच दिवशी तिथे टेम्पो लागला, मग रोजच लागू लागले. माल भरलेला टेम्पो मागे घेतला की खालून रिकाम्या पिंपासारखा आवाज यायचा. डांबराला भेग गेली, ती बुजवली, पुन्हा गेली. सकाळी झाडताना मी तेवढी जागा सोडून झाडू लागले. मला त्या जागेची भीती वाटायची. बाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "शिकलेली ना तू?"

मग सावळारामदादांचा नातू भाविक याची हळद आली. बँड गेला, डीजे आला. आता टेम्पो तिथेच लागतात म्हणून पोरांनी डीजेचा टेम्पो नेमका तिथेच आणून लावला. त्या संध्याकाळी दादांची थोरली बहीण कमळाआजी अकलोलीहून आली. एवढी म्हातारी पाहुणी आली म्हटल्यावर तय्यबाबाई तिला कशा सोडतील? मला घेऊन त्या तिच्यासमोर जाऊन बसल्या. पण आजीचं लक्ष खिडकीबाहेर होतं.

"तो टेम्पो कुनी लावला तिथं? खाली बाव हाय!"

बाव म्हणजे विहीर.

"बैलगाडी गेलेली तिच्यात, बैलांसकट," आजी म्हणाली. "भरून भरंना, तवा माझ्या बापानं न् मुनीरच्या बापानं सागाचे ओंडके न् फरश्या टाकून झाकली. बाव हाय म्हनून सांगितलं तर लोक चार दिस ऐकतात. मंग आपल्या लोकांना सांगितलं त्यांचा पीर हाय, त्यांना सांगितलं आपली देवी हाय. आपल्या देवाशी मानूस लाडानं वागतो, दुसऱ्याच्या देवाच्या वाटंला जात न्हाय."

"आणि दादांना नाही सांगितलं?"

"सावळ्या पाळन्यात व्हता, पुढं त्यालाबी पीरच सांगितला. आनि मी लगीन होऊन गेले."

तेवढ्यात बाहेर डीजे सुरू झाला, खिडकीची तावदानं थरथरू लागली. बाई अनवाणीच धावल्या, मी त्यांच्यामागे. टेम्पोभोवती पोरं उड्या मारून नाचत होती.

"भाविक, बंद कर! खाली विहीर आहे!"

भाविक हळदीने माखलेला, हसत होता. "बाई, तुम्हीच ना ग्रुपवर टाकलं, तिथं काय न्हाय म्हनून?"

पोरांनी शिट्ट्या मारल्या. बाई थांबल्या नाहीत. त्या गर्दीत घुसल्या आणि डीजेची वायर दोन्ही हातांनी उपटली. आवाज तटकन थांबला. काय भांडण झालं ते बघायला कडेची माणसंही आत धावली, कडेवर मुलं घेतलेल्या बायका, मुनीरभाई, दादा, सगळे त्याच जागेवर गोळा झाले. "मागे सरा!" मी ओरडत होते. कुणी ऐकत नव्हतं.

मग आमच्या पायांखाली, फार खोल, पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. पाठोपाठ दुसरा, मोठा. सगळे होते तिथेच थिजले.

भाविकने बाईंचा हात घट्ट धरला. "बाई," तो अगदी हळू म्हणाला, "आता पाय कुठं टाकू?"