सावली पुसली की निघायचं

गुरुवारी संध्याकाळी निलेशचा फोन आला. निलेश माझा आतेभाऊ, जंगलातला उजेड मोजतो, तेच त्याचं संशोधन. "ताई, डोंगराला कालपासून वणवा लागलाय. उद्या धूर आमच्या दऱ्यावर येईल, मी मोजमाप करतो त्या घळीवर. येतेस?" शहाणं माणूस अशा वेळी घरी बसतं. मी कॅमेरा चार्जिंगला लावला.

सकाळी साडेसहाला शहरातल्या छावणी भागातून त्याच्या मोटारसायकलवर निघालो. पडेगावला चहा-पोहे घेतले, चाळीस रुपयांत दोघांचं पोट भरलं. काही वर्षांपूर्वी इथं रस्त्याला लागून ज्वारी असायची. आता प्लॉटिंगचे फलक, अर्धवट बंगले आणि त्यांच्यापुढे पाण्याचे टँकर. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिलाय, पण बांधकामं काही थांबलेली नाहीत. दौलताबादचा जुना दरवाजा आठच्या आत पार करा, नंतर एखादा ट्रक अडकला की तासाची निश्चिंती. पुढं डांबर संपतं, त्यामुळे दुचाकीच बरी. पाणी घरूनच न्या. दऱ्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण तुम्ही तिथं जाऊ नये असं मला वाटतं.

वाटेत निलेशनं मला त्याचं कोडं समजावलं. स्वच्छ उन्हात सगळा उजेड वरच्या पानांवर पडतो, खालची पानं अंधारात उपाशी बसतात. विरळ धूर आला की ऊन विखुरतं, खिडकीला पांढरा पडदा लावल्यावर खोलीभर उजेड पसरतो तसं. मग खालची पानंही कामाला लागतात आणि झाड हवेतला कार्बन जास्त ओढतं. धूर दाट झाला की मात्र सगळीच उपाशी. "विरळ कुठं संपतो आणि दाट कुठं सुरू होतो, तेवढंच मला मोजायचंय," तो म्हणाला.

डोंगरावरचे साग बोडके होते, गवत पापडासारखं वाळलेलं. दऱ्यात तेवढी जांभळं आणि उंबर हिरवे, खाली गुडघाभर पाण्याचा डोह. त्या डोहावर काशाबाईची चाळीसेक शेळ्या-मेंढरं जगत होती. मेंढरं राखण्यात तिचा जन्म गेलेला. दोन शेळ्या गाभण होत्या, आज-उद्या विणार होत्या. स्वतःच्या जेवणाला कात्री लावून तिनं त्यांना कडबा घातला होता.

पलीकडच्या कड्यावरून धूर उतरायला लागला होता. "सायब, आत जावा, पर माझी हाक आली की निघायचं," काशाबाई निलेशला म्हणाली. "मी हितं खडकावर हुबी ऱ्हाते. माझी सावली दिसतीया तवर काय भ्या नाय. सावली पुसली की वारं फिरतंय, मंग दऱ्यात थांबू नाय." तिला खडक सोडता येणार नव्हता, कारण तिथून वर वाळल्या गवताची चढण होती आणि कळप तिकडं जाऊ नये म्हणून तीच आडवी उभी होती.

आम्ही आत शिरलो. निलेशनं जांभळाच्या खालच्या फांदीला मीटर बांधला. दहा मिनिटांत आकडा चढायला लागला, अगदी त्याच्या मनासारखा. बुंध्यापाशी दुधाळ, कोवळा उजेड पसरला. असला उजेड मी कधी पाहिला नव्हता. मी फोटोवर फोटो काढत सुटले.

मग काशाबाईची हाक आली. "सायब, निघा."

निलेशनं मीटरची दोरी सोडायला घेतली. मी म्हणाले, "अरे थांब पाच मिनिटं. आत्ता कुठं रंग भरतोय. घाबरतोस काय एवढा?" त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि दोरी तशीच ठेवली.

दुसरी हाक आली. आकडा आता उतरत होता, उजेड तांब्यासारखा लाल झाला होता. माझे डोळे चुरचुरायला लागले. कुठंतरी गवत तडतडत होतं, पण कुठल्या बाजूला ते कळेना. आलेली वाट दिसेना, तेव्हा मला खरी भीती वाटली. तिसरी हाक आलीच नाही. तोंडाला पदर बांधून काशाबाई स्वतः आली, माझं मनगट धरलं आणि डोहाच्या कडेकडेनं ओढत बाहेर काढलं.

खडकावर कोणी नाही म्हटल्यावर कळप उधळून चढणीला लागला होता, आणि वणवा तिथल्या गवतापर्यंत पोचला होता. दुपारपर्यंत आम्ही तिघं जनावरं गोळा करत होतो. बाकीची सापडली. गाभण शेळ्यांना जड अंगानं पळता आलं नव्हतं. जळालेल्या गवतात दोघी शेजारीशेजारी पडल्या होत्या.

काशाबाई त्यांच्याजवळ बराच वेळ बसली. मग निलेशला म्हणाली, "तुमचं मोजून झालं का, सायब?"

"चूक झाली माझी, मावशी," निलेश म्हणाला. मी शेजारीच उभी होते. मला खोकला लागला होता, तेवढं निमित्त मला पुरलं.

दोन दिवसांनी निलेशनं आलेख पाठवला. रेघ चढते, एका जागी वाकते आणि खाली येते. त्यानं लिहिलं होतं की विरळ कुठं संपतो ते इथं स्पष्ट दिसतं, मोक्याचे आकडे शेवटच्या पाच मिनिटांतले आहेत. मी तो आलेख बघत बसले आणि मला स्वतःची किळस आली.

त्याच दिवशी त्याच्याकडून नंबर घेऊन काशाबाईला फोन केला. म्हटलं, "मावशी, निलेश निघत होता. मीच त्याला थांबवलं."

पलीकडं घंटा वाजत होत्या, कळप चरत असावा.

"ठावं हाय मला, ताई," ती म्हणाली. "दऱ्यात आवाज लई लांब जातो. पाच मिनटं थांब म्हणणारी बाई व्हती, ते मी तवाच ऐकलं."

मग मेंढरांना पाण्यावर न्यायचं आहे म्हणून तिनं फोन ठेवला.