ह्यांची दहा पावलं आणि जहाजावरचा नाच

आमच्या घरात सगळं ह्यांच्या मनाप्रमाणं चालतं. मी काही बोलत नाही.

हे मी गेली एकतीस वर्षं सगळ्यांना सांगत आलेय. सासूबाईंना सांगितलं, नणंदांना सांगितलं, बचत गटाच्या बायकांना तर दर बैठकीत सांगते. अंगणवाडीत होते तेव्हा एका शब्दात चाळीस पोरं खाली बसवायचे; पण घरी आले की गरीब गाय! (हसू नका. पुढं हसायला भरपूर जागा आहे.)

आता आमचे हे. सुप्याला हायवेच्या कडेला ह्यांचं पशुखाद्याचं दुकान. मिशा झुपकेदार, आवाज असा की फोनवर बोलायला फोन लागत नाही. आणि चालायचं ते बायकोच्या दहा पावलं पुढं. लग्न असो, बाजार असो, दवाखाना असो. मागं एकदा माझा पाय मुरगळला, तर डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत आधी हेच जाऊन बसले. डॉक्टर म्हणाले, "काय होतंय?" हे म्हणाले, "मला काय न्हाई, ती येतीय मागनं."

नगरच्या कापड बाजारात तर कहर झाला. मी दुकानातच पिशवी भरत होते आणि हे रस्त्याला लागले. चौक येईपर्यंत मागं वळून बघायची पद्धतच नाही! माझ्यासारखीच हिरवी साडी नेसलेली कुणी परकी बाई मागनं चालली होती, तिलाच ह्यांनी चौकापर्यंत सुनावलं. "किती येळ लावतीस? कशाला पायजेत येवढ्या साड्या?" शेवटी ती बिचारी म्हणाली, "भाऊ, घरी रोज हेच ऐकते हो. निदान बाजारात तरी सोडा!"

तर अशा माणसाबरोबर मी जहाजावर नाचायला गेले.

झालं असं की पशुखाद्याच्या कंपनीनं दुकानदारांसाठी बक्षीस काढलं. ठरलेला माल खपवला की नवराबायकोला मुंबई ते गोवा जहाजाची सहल. तालुक्यातल्या म्हशींनी मन लावून खाल्लं आणि नंबर लागला आमचा! कंपनीचा छापील कागद आला, त्यात लिहिलेलं: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जोडीनं बॉलरूम डान्स, उत्तम जोडीला बक्षीस. तो कागद घेऊन मी बचत गटाच्या बैठकीला गेले. सहज. दाखवायला वगैरे नव्हे.

आमच्या शेजारच्या प्रमिलाताईंनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "भाऊजी आन् तुमच्यासंगं नाचनार?"

"मग कुणासंगं नाचतील?"

"न्हाई, तसं न्हाई वहिनी. त्ये तुमच्यासंगं चालत सुदिक न्हाईत, म्हनून इचारलं."

बायका अशा हसल्या की दोघींच्या बशीतला चहा सांडला. माझं डोकंच फिरलं. "नाचणार!" मी म्हणाले. "हातात हात धरून नाचणार! आणि व्हिडिओ पाठवते ग्रुपवर, बघत बसा!"

खरं सांगू? ते बोलणं जिव्हारी लागलं होतं. चारचौघांत ह्यांनी माझा हात धरला तो एकदाच, लग्नात, तोही भटजींनी धरायला लावला म्हणून. त्यानंतर सत्यनारायणाच्या पूजेला मी ह्यांच्या कोपराला चार बोटं लावायची, तेवढाच काय तो संसार लोकांना दिसलेला! मला एकदा, फक्त एकदा, सगळ्यांदेखत तो हात पाहिजे होता.

घरी येऊन म्हणाले, "अहो, जहाजावर नाचायचंय."

"कुनी?"

"आपण."

"येड लागलं का काय तुला? चार तालुक्यांचे दुकानदार असत्याल तिथं. मी काय नाच्या हाय का?"

"बरं," म्हणाले. मी काही बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी जाऊ मंगल हिला घेऊन गच्चीवर गेले. मोबाईल पाण्याच्या टाकीला टेकवला, नाच शिकवणारा व्हिडिओ लावला. त्या नाचात एक गडी असतो, एक बाई असते. गडी पुढं येतो, बाई मागं जाते. आता गडी कोण होणार? मंगल माझ्या खांद्याला लागते.

"मी न्हाई बाई गडी व्हनार, ताई. माझी उंची बगा, आन् मला लाज बी वाटती."

झाले मी गडी! महिनाभर मी मंगलच्या पाठीवर हात ठेवून तिला गच्चीभर मागं मागं ढकलत होते. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. वाळवणातल्या कुरडया दोनदा तुडवल्या. समोरच्या घरातले म्हातारे आबा खालून ओरडले, "मंगल, थोरलीच्या अंगात येतंय का गं? लिंबू उतरवा!"

"न्हाई आबा, व्यायाम हाय!"

"मंग व्यायामावरनं उतरवा!"

तिकडं ह्यांचंही काहीतरी बिनसलं होतं. भर दुपारी दुकानाचं शटर खाली, गोदामाला आतनं कडी. संध्याकाळी लंगडत घरी यायचे. अंगठा सुजलेला.

"काय झालं?"

"पोतं पडलं."

दुसऱ्या दिवशी, "पोतं पडलं." तिसऱ्या दिवशीही पोतं! रोज पोतं पडतं आणि रोज त्याच अंगठ्यावर? मी मनात म्हणाले, गोदामात पत्त्यांचा अड्डा बसलाय आणि भांडणं होतायत. पण मी विचारलं नाही. जहाजाच्या आधी भांडण नको.

जहाजाचं काय वर्णन करू! सात मजली हॉटेल पाण्यात सोडलेलं. आमच्या जिल्ह्यातली वीस जोडपी होती, आणि त्यांच्या सामानात शेंगदाण्याची चटणी इतकी, की जहाज थोडं आमच्या बाजूला कललं असावं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्हाला नाचाच्या हॉलमध्ये नेलं. झुंबरं, आणि फरशी अशी चकचकीत की तोंड दिसावं. ती बघून आमच्या पुढच्या वहिनींनी दारातच चपला काढल्या. मग सगळ्यांनीच काढल्या. वीस जोडप्यांच्या चपला ओळीनं बाहेर, आत जणू काकड आरती!

नाच शिकवणारा पोरगा काळ्या कोटातला, काटकुळा, केस चापूनचोपून बसवलेले. तो म्हणाला, "सब लोग अपने पार्टनर का हाथ पकड़िए!"

आमच्या सगळ्या वहिन्या पुढं झाल्या आणि त्यांनी आपापल्या नवऱ्याच्या कोपराला चार बोटं लावली.

पोरगा बघतच राहिला. "ये क्या है?"

"जोडीनं असंच असतंय आमच्यात," पारनेरचे एक दुकानदार म्हणाले. कुणीतरी मागनं "गुरुजी, पळी कुठंय?" असंही विचारलं.

हे मात्र लांब खांबाला टेकून उभे होते, हाताची घडी घालून. मला प्रमिलाताईंचा चष्मा दिसायला लागला. संपलं, म्हटलं. तेवढ्यात ह्यांनी घसा खाकरला आणि माझ्याजवळ येऊन म्हणाले, "चल."

"जेवायला?"

"नाचायला!"

आणि निघाले की फरशीच्या मधोमध! (दहा पावलं पुढं. अर्थातच.)

गाणं सुरू झालं. माझा उजवा हात आपोआप ह्यांच्या पाठीवर गेला. ह्यांचा डावा हात माझ्या खांद्यावर आला, तोही कसा, नाजूक, फूल ठेवल्यासारखा! मी डावा पाय पुढं टाकला, ह्यांनी उजवा मागं घेतला. एक-दोन-तीन. एक-दोन-तीन. अहाहा! काय जमलं होतं! मंगलपेक्षा शंभर पटीनं बरं! असं निम्मी फरशी पार केल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"अहो," मी दातांतून म्हणाले, "तुम्ही मागं का चाललाय?"

"तू फुडं येतीस म्हनून!"

"पण तुम्हाला हे येतं कसं?"

"तुला कसं येतंय?"

"मी मंगलबरोबर शिकले. तुम्ही?"

ह्यांनी नजर पायांकडं वळवली. एक-दोन-तीन. मग मिशीतल्या मिशीत म्हणाले, "गोदामात. बबनसंगं."

बबनराव म्हणजे ह्यांचे जिगरी दोस्त, गावचे माजी सरपंच.

"आणि बाई तुम्ही झालात?"

"मंग काय करनार? बबन माजी सरपंच हाय. त्यो बाई व्हईल व्हय?"

म्हणजे महिनाभर रोज पडणारं ते पोतं बबनराव होते! मला हसूही येईना आणि रडूही येईना. माझ्यासाठी हा माणूस दुपारची झोप सोडून, अंगठा सुजवून, माजी सरपंचांची बायको झाला होता.

पण तेवढ्यात ह्यांना आजूबाजूचे दुकानदार दिसले. "ए, बदल, बदल! लोक बघत्यात. मी गडी, तू बाई!"

"बरं," म्हणाले. मी काही बोलत नाही.

आम्ही बदललं. हे ठरवून पुढं आले, मी सवयीनं पुढं गेले. कपाळावर कपाळ! मग दोघांनी समजूतदारपणा दाखवला आणि दोघंही मागं गेलो. हात ताणले गेले, शाळेतल्या रस्सीखेचीसारखे. मग ह्यांनी मला जोरात ओढून गिरकी घेतली, आणि ती गिरकी कंपनीच्या मोठ्या साहेबांवर जाऊन थांबली. साहेबांच्या हातात कस्टर्डची वाटी होती. वाटी हातातच राहिली. कस्टर्ड कोटावर गेलं.

गाणं चालू, पण सगळा हॉल थांबलेला. मागनं पारनेरचे दुकानदार ह्यांच्याकडं बघून ओरडले, "दत्तूशेठ, रिव्हर्स घ्या! रिव्हर्स!"

हसण्याचा जो गलका उठला, त्यात ह्यांचा चेहरा उतरला. आणि मला कळलं, ह्यांची बोटं सैल पडायला लागली होती. एकतीस वर्षांनी मिळालेला हात पाच मिनिटं पण टिकत नव्हता. डोळ्यांत पाणी आलं. आणि माझं असं आहे, डोळ्यांत पाणी आलं की राग येतो, आणि राग आला की तोंडातून अंगणवाडी बाहेर पडते.

"गप!" मी ओरडले. "हात सोडायचा नाही! सरळ उभं राहायचं! मी सांगीन तसं मागं चालायचं! चला, एक!"

आणि आमचे हे, सहा फुटी, मिशावाले, सरळ उभे राहिले आणि मागं चालायला लागले. काय नाचले म्हणून सांगू! मी पुढं, हे मागं, आख्खी फरशी आम्ही फिरलो. बाकीची जोडपी कडेला झाली. शेवटी तर मी हात वर केला आणि हे गुडघे वाकवून माझ्या हाताखालून गिरकी घेऊन आले! टाळ्याच टाळ्या! कोटातला पोरगा धावत आला, "मैडम, क्या लीड किया आपने!" उत्तम जोडी म्हणून काचेचे दोन हंस मिळाले. साहेबांनीच दिले, कस्टर्ड पुसून.

गाणं संपलं तरी हे हात सोडायचं विसरले. जेवणाच्या रांगेत ह्यांच्या एका हातात ताट आणि एका हातात मी. भाजी वाढून घेताना पंचाईत झाली, तर ताट माझ्याकडं दिलं. हात नाही सोडला. मला वाटलं, जिंकले. आता प्रमिलाताईंना व्हिडिओ पाठवला की झालं.

व्हिडिओ पाठवायची वेळच आली नाही. पारनेरच्या दुकानदारांनी सगळं टिपलं होतं आणि आम्ही किनाऱ्याला लागायच्या आधी ते सुप्याला पोचलं होतं. नाच होता, गिरकी होती, कस्टर्ड होतं. आणि गाण्याच्या वर, खणखणीत, माझा आवाज: "गप! हात सोडायचा नाही! मी सांगीन तसं मागं चालायचं!"

गटाच्या बैठकीत प्रमिलाताईंनी तो तीनदा लावला.

"त्या नाचाचे नियमच तसे असतात," मी म्हणाले. "एरवी आमच्या घरात सगळं ह्यांच्या मनाप्रमाणं..."

"वहिनी," प्रमिलाताई डोळे पुसत म्हणाल्या, "त्यासाठी येवढं समुद्रात कशाला गेलात? ह्यो नाच आमी रोज बगतो की तुमच्या अंगनात. निस्तं गानं नसतंय."

सगळ्या हसल्या. त्यात सगळ्यात जोरात कोण? मंगल! घरातलीच साक्षीदार फितूर!

मी मनावर घेतलं नाही. परवा पारनेरला लग्नाला गेलो, तेव्हा मुद्दाम प्रमिलाताईंना बरोबर घेतलं. एसटीतून उतरलो आणि हे निघाले ताडताड, दहा पावलं पुढं. "बघा," मी म्हणाले. "स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कोण पुढं आहे?"

चौक आला. हे थांबले. एकतीस वर्षं प्रत्येक चौकात थांबतात तसेच थांबले, आणि मागं वळून ओरडले, "अगं ए, डावीकडं का उजवीकडं?"

प्रमिलाताईंनी माझ्याकडं बघितलं. मी काही बोलले नाही. आमच्या घरात मी बोलतच नाही.

नुसता हात उजवीकडं केला. हे निघाले.