मुठीतल्या अक्षता

मी देवीवर रुसले होते, हे आधीच कबूल करते. बालाघाटात आमचं घर तीन पिढ्या सरकारी नोकरीतलं. आजोबा तहसीलीत, बाबा सिंचन विभागात, दादा शाळेत. मागे राहिले ती मी एकटी, आणि तेही पोलीस भरतीतल्या आठशे मीटर धावण्यामुळे. याआधी दोन वेळा मी थोडक्यात हुकले होते. वयाच्या अटीमुळे आता ही शेवटचीच संधी उरली होती. नातेवाइकांनी माझ्यासाठी स्थळं बघायला घेतली होती, आणि त्या कामात त्यांचा वेग माझ्याहून पुष्कळ चांगला होता.

आमच्या घरची एक रीत आहे. मोठ्या कामाला निघताना आई देवीपुढच्या अक्षता तळहातावर ठेवते, एकेक बोट मिटवून मूठ बंद करते आणि म्हणते, "काम होईपर्यंत सोडू नको." काम झालं की त्याच अक्षता देवळात वाहायच्या. दादाने मुलाखतीत साहेबांपुढे डाव्या हाताने कागद सरकवले, पण मूठ उघडली नाही. मग मी कशी उघडणार? शेवटची संधी म्हणून यंदा आई सरावालाही रोज अक्षता देऊ लागली. दाणा सांडू नये म्हणून मूठ घट्ट, मुठीमुळे कोपर घट्ट, खांदे कानांपर्यंत चढलेले, दात आवळलेले. अर्ध्या अंतरावर कुशीत कळ यायची. तरी एकही दाणा सांडला नाही याचाच मला अभिमान वाटायचा.

धानाची कापणी चालली होती तेव्हाची गोष्ट. वारासिवनीच्या रस्त्यावर सकाळी धावताना अशी कळ आली की मी बांधावर बसले आणि रडत मोठ्यानेच म्हणाले, "देवी, तुले दिसत नाही काय?"

मागून एक बाई आली. आईच्या वयाची, डोक्यावर धानाचा मोठा भारा, पाय मात्र हलके, पळतेच आहे म्हणावं असे.

"काहून रडून राह्यली वं?" तिने जाता जाता विचारलं. "बोलायचं असन तं चाल संगं. बोझा हाये, मले थांबता येत नाही."

मी उठले आणि तिच्या बाजूने पळू लागले. पळता पळता भरतीचं सांगितलं.

"मुठीत काय हाये?"

"देवीच्या अक्षता."

ती हसली. भारा किंचित हलला आणि पुन्हा स्थिर झाला. "देवी काय दाणे मोजून राह्यली? सोड, पोरी. अन् एकटे पायच काहून पळवतं? मान, खांदे, कंबर, साऱ्यायले संगं घे. आंग ढिलं ठेव. मी आंग आवळलं तं हा भारा आत्ता पडते."

मी मूठ उघडली. घामाने चिकटलेले दाणे एकेक करून गळाले. आधी खांदे उतरले, मग जबडा सुटला, श्वास पोटापर्यंत गेला. हात आपोआप झुलू लागले आणि पाऊल पुढे आपटण्याऐवजी माझ्याच खाली अलगद पडू लागलं. तिने खळ्यावर भारा टाकला तेव्हा मी वळून पाहिलं. एवढं लांब आलो होतो आणि कुशीत कळ नव्हती. मला हुंदकाच आला.

तिचं नाव विचारायचं राहून गेलं. दोन दिवसांनी गेले तर शेत मोकळं झालेलं. मालक म्हणाले, मजूर लालबर्ऱ्याकडचे होते, परत गेले. ती कोण होती यावर मी वाद घालत नाही. मी देवीला विचारलं होतं आणि मला उत्तर मिळालं, एवढं मला पुरतं.

तसाच सैल सराव मी महिनाभर केला, आईपासून लपवून. पण भरतीच्या दिवशी रेषेवर उभी राहिले आणि आईने दिलेल्या अक्षतांवर मूठ आपोआप आवळली गेली. सोडल्या आणि नापास झाले, तर आईला काय सांगू? शेवटी वाकले, अक्षता रेषेजवळच्या मातीत ठेवल्या आणि मनात म्हणाले, आता तू बघ. शेवटच्या वळणावर खांदे पुन्हा चढू लागले, तेव्हा तो भारा आठवला. अंग सोडलं. पोचले, आणि वेळेत पोचले.

आई दारात ताम्हण घेऊन उभी होती. मी रिकामा तळहात पुढे केला.

"धावायच्या आधीच वाहिल्या, आई."

"अन् तशीच धावली?"

"हौ."

तिने ताम्हण खाली ठेवलं. मला त्या दिवशीच कळलं होतं की इतकी वर्षं मी देवीवर भार टाकते म्हणत होते आणि तो मुठीत आवळून स्वतःच वाहत होते. त्या बाईचे उपकार मी कधी फेडू शकणार नाही.

प्रशिक्षणाला निघाले त्या सकाळी आईने नेहमीप्रमाणे तळहातावर अक्षता ठेवल्या. मिटवायला माझं बोट धरलं, थांबली, आणि हात मागे घेतला. मी उघड्या तळहाताने पायऱ्या उतरले. काही दाणे उंबऱ्यावर सांडले. आम्ही दोघींनी पाहिलं, पण कोणीच वेचले नाहीत.