मोठं रीळ आणि मामांचं मनगट

"लहान रीळ दाखवा म्हणतोय मी. लहान."

"मामा, लहान रिळावर तुमचे ते वीतभर लाकडी मासे फेकणार कसे? चार फेकींत गिअरचे दात पडतील त्याचे."

"लाकडी मासे देऊन टाकले मी."

"देऊन टाकले? कुणाला?"

"तुम्हाला काय करायचंय, जावईबापू? मनगट थकलं म्हणालात ना? मग थकलेल्या मनगटाला झेपेल असं काहीतरी द्या. काठावर बसून बोटभर मासे धरीन."

"अहो, मी म्हणालो म्हणून काय झालं? मी काय डॉक्टर आहे?"

"सगळा गाव तर तेच म्हणतो तुम्हाला."

म्हणत होताच: रिळांचे डॉक्टर. मासेमारीच्या सामानाचं त्यांचं दुकान दोन माणसं आडवी उभी राहिली की भरून जाईल एवढंच. भिंतीला काठ्या टेकवलेल्या, काउंटरच्या काचेखाली गळांच्या डब्या, आणि सगळ्याला यंत्राच्या तेलाचा वास. पण अडकलेलं, कुरकुरणारं, वाळू खाल्लेलं रीळ लांबून लांबून तिथे यायचं. डॉक्टर ते कानाशी धरून मूठ फिरवायचे, डोळे मिटायचे आणि रोग सांगायचे. सांगताना दुकानात चार माणसं असली तर जरा जास्तच वेळ डोळे मिटायचे. त्यांची बायको म्हणायची, "यांना गिऱ्हाईक नको, प्रेक्षक हवेत."

मामा म्हणजे तिचे वडील. खिडक्यांना काचा बसवण्याचं काम उभा जन्म केलेला माणूस. अजूनही करत होते. माणसाएवढी काच दोन तळहातांत धरून जिना चढायचे आणि वर गेल्यावर आधी काचेकडे बघायचे, मग स्वतःच्या हातांकडे. बोलणं कमी. सुट्टीच्या दिवशी धरणाच्या पाण्यावर जायचं आणि वीतभर लांबीचा रंगवलेला लाकडी मासा आमिष म्हणून दिवसभर फेकत राहायचं, एवढा एकच शौक. त्या पाण्यात एक जुना दांडगा मासा होता. दोनदा त्याने त्यांची दोरी तोडली होती. मामा त्याच्याबद्दल एखाद्या भांडकुदळ शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलायचे.

त्या माशासाठीच ते मागे एकदा जावयाकडे रीळ निवडायला आले होते. आणि निवड, खरं सांगायचं तर, अगदी फर्मास झाली. मामांना आधी चपटं, चकचकीत, गरगर पळणारं रीळ आवडलं होतं. डॉक्टरांनी ते हातातून काढून घेतलं. जड आमिष पाण्यातून ओढताना वेग कामाचा नाही, म्हणाले, जोर लागतो. सावकाश फिरणारा गिअर घ्या, संध्याकाळपर्यंत हात शाबूत राहील. गोल, सगळं धातूचं, रुंद फिरकीचं आणि लांब मुठीचं रीळ त्यांनी काउंटरवर ठेवलं. मुठीचे गोळे पितळी कुलपाएवढे. मामांनी ते उचललं आणि एवढंच म्हणाले, "हं. याच्याशी बोलता येईल."

मग फिरकीवर दोरी भरायची वेळ आली. तिथेच माती खाल्ली.

या धंद्यात एक साधी रीत आहे. विणलेली दोरी गुळगुळीत असते. उघड्या धातूच्या फिरकीवर ती पकड धरत नाही. म्हणून आधी साध्या तंगूसचे, म्हणजे नायलॉनच्या एकेरी धाग्याचे, काही वेढे द्यायचे आणि त्यावर विणलेली दोरी चढवायची. नाहीतर जोर आला की अख्खी दोरी फिरकीवर घसरत राहते, बांगडी सैल हातात फिरावी तशी. डॉक्टर हे प्रत्येक नवशिक्याला बजावायचे. पण त्या दिवशी दुकानात नेहमी गप्पांना येणारा एक बसड्रायव्हर होता, त्याचे दोन मित्र होते, सासरेबुवा कौतुकाने बघत होते, आणि डॉक्टर एका हाताने दोरी भरता भरता कुठल्या तरी गिऱ्हाइकाची नक्कल करत होते. सगळे हसत होते. तंगूस राहून गेला.

पुढच्याच आठवड्यात मामा धरणावरून सरळ दुकानात आले. विजार गुडघ्यापर्यंत ओली. तो लागला होता, म्हणाले. तोच. मी मूठ फिरवतोय आणि दोरी जातेच आहे. ब्रेकची चकती होती तेवढी आवळली, तरी जातेच आहे. शेवटी त्याने बुडालेल्या झाडात नेली आणि तोडली. मामा रिळाला दोष देत नव्हते. विचारत होते.

डॉक्टरांनी रीळ कानाशी धरलं. मूठ फिरवली, डोळे मिटले. दोरी ओढून बघायला हवी होती; क्षणभराचं काम. पण बसड्रायव्हर पुन्हा समोर होता, आणि वाक्य आधीच ओठांवर आलं होतं.

"रीळ ठणठणीत आहे, मामा. मनगटाची गॅरंटी संपली तुमच्या."

काय हशा पिकला. मामाही थोडे हसले. रीळ काउंटरवर ठेवलं, कुणाला हवं असेल तर द्या म्हणाले आणि गेले.

त्यानंतरचं डॉक्टरांना बायकोकडून कळत गेलं. बाबा कप दोन्ही हातांनी धरतात. बरणीचं झाकण उघडायला आईकडे देतात, जिने आयुष्यभर त्यांच्याकडे दिलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं की होतं. असं म्हणून त्यांनी विषय संपवला. तेव्हा त्यांचा त्यावर विश्वासही होता.

मग या सोमवारी ड्रायव्हरने ते मोठं रीळ बघायला मागितलं. डॉक्टरांनी अंगठ्याने फिरकी दाबून धरली आणि सहज दोरी ओढली. फिरकी जागची हलली नाही. दोरीचा अख्खा गठ्ठा तिच्यावर गर्रकन फिरला.

त्यांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. ड्रायव्हरला म्हणाले, हे विकलं गेलंय. घरी बायकोला सांगितलं, तेही भाजी चिरता चिरता, तिच्याकडे पाठ फिरवून. ती म्हणाली, "आत्ता फोन करा." ते म्हणाले, फोनवर बरं दिसत नाही, समोर बसून सांगतो. मंगळवारी गिऱ्हाईक होतं. बुधवारी डोकं दुखत होतं. गुरुवारी बायकोने विचारणंच सोडलं, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

आणि आज शनिवारी मामा आपण होऊन समोर उभे होते, लहान रीळ मागत. काठ्यांपाशी ड्रायव्हर गळांची डबी चाळत होता, कान इकडेच.

डॉक्टरांनी मोठं रीळ खालच्या खणातून काढलं. काउंटरवर वाकले आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, मामा, जरा आत येता का, एक सांगायचंय.

"इथेच सांगा."

डॉक्टर पुटपुटत राहिले. दोरी, फिरकी, तंगूस, घाई. मामांनी ऐकून घेतलं. मग रिळाची फिरकी अंगठ्याने दाबली, दोरीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि ओढलं. दोरी घसरली. पुन्हा ओढलं. पुन्हा घसरली. त्यांनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं, काच बसवून झाल्यावर पाहायचे तसं.

"त्या दिवशी मोठ्याने बोलला होतात," ते म्हणाले. "आज आवाज बसलाय का?"

डॉक्टर सरळ उभे राहिले. नकला करताना कुठे थांबायचं, कुठे सूर चढवायचा हे त्यांना न शिकवता येत होतं. आता साधं वाक्य तोंडातून निघेना. शेवटी ड्रायव्हरकडे बघत, शाळेत उभं केलेल्या पोरासारखं ते म्हणाले, "दोरी मी चुकीची भरली होती. मासा माझ्यामुळे गेला. यांच्या मनगटाला काही झालेलं नाही. मी न बघता बोललो."

ड्रायव्हरने डबी हळूच जागेवर ठेवली. हसायचं की नाही हे त्याला ठरवता येत नव्हतं. "बाहेर गाडी आडवी लावलीय," असं काहीतरी बोलून तो सटकला.

डॉक्टरांना हायसं वाटलं. बोलून टाकलं एकदाचं. एवढंच होतं की, उगाच आठवडा घालवला. या आनंदात ते बोलत सुटले: मामा, मी आत्ता भरून देतो, आधी तंगूस, वर नवी दोरी, माझ्या हाताने.

"कधी कळलं हे तुम्हाला?"

खोटं बोलायला वेळ होता. पण घरी बायको होती.

"सोमवारी."

मामांनी मान हलवली. दोरीचं टोक बोटावरून सोडवलं.

"बुधवारी शाळेचा माणूस आला होता," ते म्हणाले. "जिन्यावरची मोठी खिडकी. मी नाही म्हटलं. म्हटलं, वरून काच सुटली तर खाली मुलं असतात." मग म्हणाले, "काच कापायचं हत्यार पण त्यालाच देऊन टाकलं."

डॉक्टरांना खाली बसावंसं वाटलं. काउंटरमागे स्टूल होतं, पण मामा उभे असताना त्यावर बसणं जमेना. ते शाळेत जाऊन सांगतो म्हणाले. हत्यार परत आणतो म्हणाले. प्रत्येक वाक्य तोंडातून पडलं की आधीच्यापेक्षा हलकं वाटत होतं, आणि तरी पुढचं येतच होतं.

मामांनी तंगूसची एक गुंडी स्वतःच निवडली. या वेळी दोरी ते आपल्या हाताने भरणार होते, हे सांगायची गरज नव्हती. मग मोठं रीळ उचललं. दोन हातांनी नाही, एकाच हातात, उजव्या, मुठीला धरून.

"मामा," डॉक्टर म्हणाले, "उद्या धरणावर येऊ का मी तुमच्याबरोबर?"

मामांनी दार ढकललं आणि रीळ तसंच उजव्या हातात धरून रस्त्याला लागले.