नागाचं विष आणि खालच्या तीन ओळी

नागपंचमीच्या सकाळी मी पेपरातली एक बातमी फाडून घेतली. ब्लेड हाताशी होतं, पण त्या दिवशी आपल्याकडे काही चिरत-कापत नाहीत... म्हणून घडी घातली, नखाने दाबली आणि हातानेच फाडली.

बातमी लहानशीच होती. नागाच्या विषातलं एक प्रथिन कॅन्सरच्या पेशी मारतं, असं शास्त्रज्ञांना दिसून आलंय म्हणे.

अक्का, माझी थोरली बहीण, पंचमीला पाथर्डीहून माहेरी आली होती. तिच्या छातीत गाठ आहे... नगरच्या डॉक्टरांनी पुण्याला नेऊन लवकर ऑपरेशन करा म्हणून बजावलं होतं. तिला जरा धीर येईल म्हणून बातमी वाचून दाखवली, आणि तिथेच फसलो.

तिने तो कागद देव्हाऱ्यात ठेवला, वर हळदकुंकू वाहिलं. "नागोबा भाऊ हाय माझा, त्योच औषध दील. पंचमीला आपन भाजी चिरीत न्हाई, आन् तू मला चिरायला न्यायला निघालास व्हय?"

पुढचे दिवस कसे काढले, माझं मला ठाऊक. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायकांमध्ये बातमी पसरली. शेजारच्या तात्यांनी तर गारुडीच आणून ओसरीवर बसवला. टोपलीवर हात ठेवून तो मला विचारतो, "किती थेंब लागतील, पावनं?"

मी त्याला हाकललं, तर अक्का माझ्यावरच रुसली. "माझ्या भावाला दूध न पाजता दारातनं घालवलंस!"

पोळाही झाला. गाठ वाढत होती आणि अक्का औषधाची वाट बघत होती. रोज सकाळी देवळात गेल्याशिवाय मी चहा घेत नाही... पण त्या दिवसांत हात जोडून उभा राहिलो तरी डोक्यात नुसता संताप.

परवा फडताळातला गुळाचा डबा काढला. खाली बायकोने जुना पेपर अंथरला होता. त्याची कड ओळखीची वाटली... मीच फाडलेली. घडी वाकडी गेली होती, आणि बातमीच्या शेवटच्या तीन ओळी खालीच राहिल्या होत्या.

हे प्रयोग अजून फक्त काचेच्या नळीत झालेत. ते विष निरोगी पेशीही मारतं. माणसाला देता येईल असं औषध व्हायला बरीच वर्षं लागतील.

इतके दिवस गावावर चिडलो, आणि चूक माझ्याच नखाची!

तसाच जाऊन अक्काला वाचून दाखवलं. तर म्हणते, "देवानं द्यायचं तेवढंच फाडून दिलं की रं." डोकं धरून बसलो...

मग मी तिला विचारलं, "पंचमीच्या आदल्या दिवशी उपास कुनासाठी धरला हुतास?"

"भावासाठी."

"कंच्या?"

मग पदराने तोंड पुसत म्हणाली, "तुझ्यासाठीच की रं, मुडद्या."

"मग त्या भावाचं ऐक की जरा."

आज पहाटेच्या एसटीने तिला पुण्याला आणलं. कागदाचे दोन्ही तुकडे तिच्या पिशवीत आहेत, ते मात्र तिने सोडले नाहीत. हॉस्पिटलच्या फॉर्मवर खाली एक रकाना होता, रुग्णाशी नाते... नागोबाला मनातल्या मनात हात जोडले, 'भाऊ' असं लिहिलं आणि सही केली.